पशुआश्रय (बेळगाव सीमाभाग)

पशुआश्रय : दूध, अंडी, मांस, लोकर किंवा कष्ट यांसाठी पाळलेल्या आणि पुढे कत्तल, उपासमार, अतिश्रम किंवा बेवारस अवस्था यांतून सोडवून आणलेल्या जनावरांना नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळण्याची जागा. येथे जनावराकडून काहीही घेतले जात नाही, ही या व्याख्येतील निर्णायक बाब होय. बैल भाड्याने दिला जात नाही, अंडी बाजारात जात नाहीत, वेत वाढवण्यासाठी गाय किंवा म्हैस फळवली जात नाही. गोठा, कोंडवाडा, गोशाळा आणि पशुआश्रय यांत बाहेरून पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. चारही ठिकाणी दावण, गव्हाण आणि शेणाचा वास असतो. फरक कळतो तो जनावर आटल्यावर. गोठ्यातले भाकड जनावर बहुधा बाजाराच्या वाटेला लागते, कोंडवाड्यातल्या जनावराचा मालक दंड भरून त्याला घेऊन जातो किंवा त्याचा लिलाव होतो, गोशाळेत गाय व तिचा वंश राहतो पण म्हैस, शेळी आणि कोंबडीला सहसा जागा नसते. पशुआश्रयात या सर्वांना जागा असते आणि तिथून पुढे कुठे पाठवणी नसते.

ही कल्पना या भागाला परकी नाही. पश्चिम भारतात तिचे जुने रूप म्हणजे पांजरपोळ. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये स्थापन झाला; त्यामागे सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या पारशी व गुजराती धनिकांचा पुढाकार होता, आणि त्याआधी १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईत मोठी दंगल झाली होती. दक्षिण महाराष्ट्र व बेळगाव भागात मात्र जीवदयेचा विचार व्यापाऱ्यांपुरता राहिला नाही. चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड या तालुक्यांत जैन समाज पिढ्यानपिढ्या शेती करत आला आहे. ज्याच्या दारात औत आहे त्यानेच अहिंसा पाळायची, असा हा अवघड संसार आहे. त्याला लागूनच बसवेश्वरांची शिकवण आहे. दयेवाचून धर्म नाही आणि ती दया सर्व प्राणिमात्रांविषयी हवी, असे त्यांनी बाराव्या शतकात कन्नड वचनांतून सांगितले. याच मुलखात वारकरी घरांतील माळकऱ्यांनीही मांसाहार सोडला. भाषा मराठी असो वा कन्नड, म्हाताऱ्या बैलाला ‘घरचं माणूस’ म्हणून दावणीला ठेवणारी घरे दोन्हीकडे होती आणि थोडी अजूनही आहेत.

सीमाभागात बैलाचा सण वर्षातून दोनदा येतो. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, कन्नडमध्ये कारहुण्णिमे, आणि त्यानंतर आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. निपाणी-चिकोडीकडच्या गावांत कोण कोणता बेंदूर पाळतो हे घराण्यावर व शिवेवर ठरते. शिंगे रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी चारायची आणि त्या दिवशी खांद्यावर जू ठेवायचे नाही. या भागातील बैल मोलाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दक्षिण मराठा संस्थानिकांच्या आश्रयाने, काळ्या चिकट जमिनीच्या नांगरटीसाठी, कृष्णाकाठची एक भारदस्त जात घडवण्यात आली. ती ‘कृष्णा व्हॅली’ या नावाने ओळखली जाते आणि आज तिची जनावरे फार थोडी उरली आहेत. ट्रॅक्टर आल्यावर नांगर गेला आणि नांगराबरोबर खोंडाची किंमतही गेली. पूर्वी कालवडीइतकाच खोंड हवासा असे. आता संकरित गाईच्या पोटी खोंड जन्मला की घरातल्यांचा चेहरा उतरतो. म्हशीच्या रेडकाचे त्याहून वाईट: दूध वाचवण्यासाठी त्याला आईपासून तोडले जाते आणि ते काही दिवसांत झिजून मरते, आणि या मरणाची नोंद कुठल्याही पोलिस ठाण्यात होत नाही. आश्रयाची खरी गरज इथून सुरू होते, कत्तलीला नेताना रस्त्यावर अडवलेल्या गाडीपासून नव्हे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

बैल अजून पुरता सुटलेला नाही. बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा आहे आणि गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आजही दिसतात. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त, किंवा मध्ये विसावा न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त, जुंपता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ या वेळात तर जुंपताच येत नाही, आणि टोकदार पराणी वापरण्यास मनाई आहे. मार्चमध्ये अथणीकडच्या रस्त्यावर हे नियम किती पाळले जातात, ते बैलाच्या पुठ्ठ्यावरच्या खुणा सांगतात. सीमेपलीकडे सांगली-सोलापूर भागात ॲनिमल राहत ही संस्था २००३ पासून कारखान्यांच्या बैलांवर उपचार करते, आणि थकलेल्या बैलांना तिने आश्रयही दिला आहे.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार पीडित जनावर उपचारासाठी दवाखान्यात किंवा पांजरपोळात पाठवण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. २०१७ च्या नियमांनी खटला चालू असेपर्यंत जप्त जनावरांच्या सांभाळाची तरतूद करून त्याचा खर्च आरोपी, मालक व वाहतूकदार यांच्यावर टाकला. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे एका मालमोटारीत ६ पेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावरील नागराज खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांना मान्यता दिली: भूक-तहान, भीती, गैरसोय आणि वेदना-रोग यांपासून मुक्ती, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. हे शेवटचे स्वातंत्र्य सर्वांत कमी पाळले जाते.

राज्य बदलले की कायदा बदलतो, ही सीमाभागाची खास अडचण. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, पण म्हशीवर नाही. कर्नाटकात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने १३ वर्षांखालील म्हैस-रेड्यालाही त्यात घेतले. परिणामी कोगनोळी, शिनोळी किंवा कागवाडच्या सीमेवर तेच जनावर शंभर पावलांत वेगळ्या कायद्याखाली येते. कत्तल थांबवली म्हणून भूक थांबत नाही. बाजारात जे विकले जात नाही ते रात्री गावाबाहेर सोडले जाते, आणि पुढे उभ्या पिकात मार खाते किंवा उकिरड्यावर प्लॅस्टिक खाते. यासाठी शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. पाऊण एकराच्या धन्याला दूध न देणारी गाय आणखी दहा वर्षे पोसणे झेपत नाही. कर्नाटक सरकारने २०२२ मध्ये आणलेल्या पुण्यकोटी दत्तू योजनेत गोशाळेतील एका जनावरासाठी वर्षाला ११,००० रुपये देऊन ते दत्तक घेता येते. ही रक्कम दिवसाला जेमतेम ३० रुपये पडते. आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट सांगायला हवी: सुटका कायद्याच्या हातानेच झाली पाहिजे. रस्त्यात गाडी अडवून चालकाला मारहाण करणे याला करुणा म्हणता येत नाही, आणि तशी आलेली जनावरे स्वीकारणारा आश्रय आपल्याच कामाला बट्टा लावतो.

आलेल्या जनावराचे पहिले काही दिवस कसोटीचे असतात. दाटीवाटीने उभे राहून आलेल्या बैलाला गाडीतून ओढून उतरवत नाहीत. मातीचा उतार करून, समोर पाणी ठेवून, त्याला स्वतःच्या पायांनी येऊ देतात. भुकेल्या जनावरापुढे एकदम पेंड किंवा धान्य टाकले तर पोटात आम्ल वाढून ते दगावते, म्हणून आधी कडबा आणि पाणी, मग हळूहळू बाकीचे. खांदा बघतात. जुवाखाली वर्षानुवर्षे घासून तिथे नारळाएवढी सूज आलेली असते, कधी ती फुटून आत अळ्या पडलेल्या असतात. जखम धुऊन अळ्या एकेक करून चिमट्याने काढाव्या लागतात आणि बैल त्या वेळी मान हलवत नाही, फक्त कातडी थरथरवतो. मग वेसण कापतात. नाकातून दोरी निघाल्यावरही कित्येक बैल काही दिवस माणूस जवळ आला की आपणहून मान खाली घालून उभे राहतात, ओढ बसेल म्हणून.

बसलेले, म्हणजे उठू न शकणारे, जनावर सर्वांत जास्त मनुष्यबळ मागते. त्याला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर खालच्या पायाच्या नसा दबून तो कायमचा जातो. खाली वीतभर पिंजर (भाताचा पेंढा) लागते. प्लॅस्टिक खाल्लेल्या गाईच्या डाव्या कुशीला छेद देऊन पोट रिकामे करावे लागते, कारण ते रवंथ करूनही पुढे सरकत नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी वेळेवर टोचणे आणि नवे जनावर काही दिवस वेगळे बांधणे हे २०२२ च्या लम्पीच्या (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाच्या) साथीनंतर कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

चाऱ्याचा प्रश्न मोठा आहे. ४०० किलोच्या जनावराला रोज ८ ते १० किलो कोरडा चारा लागतो. हंगामात या भागात उसाचे वाडे (उसाचा हिरवा शेंडा) मुबलक मिळते आणि ते देणगी म्हणूनही येते, पण नुसत्या वाड्यावर जनावर ठेवता येत नाही. त्यातील ऑक्झलेट हा क्षार शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. जाणते लोक वाड्याची कुट्टी करतात, कडबा मिसळतात आणि चुन्याची निवळी शिंपडतात. खानापूरच्या पावसात खुरे कुजतात आणि रानातून बिबट्या येतो, म्हणून तिथे उंच, दगडी व बंद गोठा लागतो. अथणीकडे सावली आणि पाणी यांची चिंता आधी करावी लागते.

कोंबड्यांविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण करुणेच्या हिशोबात त्या सहसा धरल्याच जात नाहीत. पिंजऱ्यातली अंड्यांची कोंबडी वर्षाला सुमारे ३०० अंडी घालते, तिचे रानातले पूर्वज मात्र वर्षाला डझन-दीड डझनच घालत. कवचासाठी लागणारे कॅल्शियम हाडांतून जाते आणि दीड वर्षात तिची हाडे काडीसारखी मोडू लागतात. चोच लहानपणीच कापलेली असते. अशी कोंबडी जमिनीवर सोडली तर प्रथम ती एका जागी उभी राहते. तिच्या पायांना जाळीखेरीज काही ठाऊक नसते. एखाद-दोन दिवसांनी ती कोरड्या मातीत अंग टाकते, पंखांनी धूळ उडवून पिसांत घेते, डोळे मिटते. हे तिला कुणी शिकवलेले नसते. मांसासाठी वाढवलेले ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत कापण्याच्या वजनाचे होतात आणि त्यापुढे त्यांचे पाय व हृदय त्यांना पेलत नाहीत. त्यांना जगवायचे तर खाद्य मोजूनच द्यावे लागते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा एकदम फुगल्या तेव्हा अनेक कुटुंबांनी जनावरे सोडून नावेत बसायला नकार दिला. पाण्याजवळच्या आश्रयासाठी तेव्हापासून एक नियम पक्का धरावा असा आहे: पाणी वाढू लागले की आधी दावी सोडायची. मोकळे जनावर पोहते. बांधलेले उभ्या जागी बुडते.

आश्रयात मरणही नित्याचे असते, कारण येथे येणारी बहुतेक जनावरे म्हातारी किंवा मोडलेली असतात. शव खोल खड्ड्यात मीठ-चुना घालून पुरले जाते. वेदनाशामक निवडतानाही विचार करावा लागतो: डायक्लोफिनॅक दिलेले जनावर उघड्यावर पडले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम वापरतात.