मे महिन्यातली फायनल डिसेंबरात: हँडबॉल चॅम्पियन्स लीग २०१९-२०

२९ डिसेंबर २०२० रोजी जर्मनीच्या कील क्लबने कोलोनमध्ये बार्सिलोनाला ३३-२८ असं हरवलं आणि युरोपियन क्लब हँडबॉलचा सर्वांत मानाचा करंडक चौथ्यांदा जिंकला. करंडक होता २०१९-२० च्या हंगामाचा. २०२०-२१ चा हंगाम तेव्हा निम्म्यावर आला होता आणि हेच दोन क्लब त्यातही खेळत होते. शिवाय उपांत्य फेरीतले चारही संघ तिथपर्यंत बाद फेरीचा एकही सामना न खेळता पोहोचले होते. कोरोनामुळे असं झालं, हे खरंच. पण नेमके हेच चौघे का, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

फुटबॉलचा युरोपियन कप सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९५६-५७ मध्ये, हँडबॉलचाही सुरू झाला. पॅरिसमधल्या पहिल्या अंतिम सामन्यात जिंकला तो प्राग शहराचा निवड संघ. शहराऐवजी क्लबांची स्पर्धा हे रूप त्यानंतर पक्कं झालं. पुढची तीन दशकं विजेत्यांच्या यादीत शीतयुद्धाचा नकाशाच दिसतो. प्रागचा दुक्ला, बुखारेस्टचा स्तेआउआ, मिन्स्कचा स्का हे सगळे लष्कराचे क्लब. खेळाडू कागदोपत्री सैनिक आणि पगार सरकारचा. युगोस्लाव्हियाची गंमत वेगळी. बिएलोवार, बान्या लुका, शाबात्स अशी आपण कधी नावही न ऐकलेली गावं युरोपची विजेती झाली. शाबात्सच्या मेतालोप्लास्तिकाने तर १९८५ आणि १९८६ असा सलग दोनदा कप नेला. पश्चिम जर्मनीतही मक्तेदारी कुठल्या महानगराची नव्हती. गुमर्सबाख या छोट्या गावाच्या क्लबने १९६७ ते १९८३ या काळात पाच वेळा कप जिंकला. मोठ्या सामन्यांसाठी त्यांना डॉर्टमुंडचं सभागृह गाठावं लागे, कारण गावात तेवढे प्रेक्षक मावतच नसत.

१९९० च्या दशकात हा नकाशा पुसला गेला. १९९१ मध्ये युरोपियन हँडबॉल फेडरेशन (ईएचएफ) स्थापन झालं. व्हिएन्नात मुख्यालय असलेल्या या संघटनेने १९९३-९४ पासून गट फेऱ्या आणल्या आणि स्पर्धेचं नाव चॅम्पियन्स लीग केलं. पूर्वेकडच्या क्लबांचे सरकारी आश्रयदाते गेले, युगोस्लाव्हिया फुटला. त्यात डिसेंबर १९९५ च्या बॉसमन खटल्याच्या निकालाने युरोपीय महासंघाच्या (ईयू) देशांतल्या खेळाडूंना करार संपल्यावर कुठेही जायची मोकळीक मिळाली. गुणी खेळाडू पैसे मिळतील तिकडे, म्हणजे मुख्यतः स्पेन आणि जर्मनीत गेले. बार्सिलोनाने १९९६ ते २००० अशी सलग पाच विजेतेपदं मिळवली, ती याच काळात.

अंतिम फेरी मात्र अजून जुन्याच पद्धतीची होती: एक सामना आपल्या गावात, एक त्यांच्या, आणि दोन्हींची बेरीज. २००९ मध्ये कीलने घरच्या मैदानावर स्यूदाद रेआलला ३९-३४ असं हरवलं, आठवड्याने स्पेनमध्ये ३३-२७ असा पराभव पत्करला आणि ६६-६७ अशा बेरजेवर कप गमावला. दोन सामन्यांत मिळून १३३ गोल आणि फरक एकाचा! मला विचाराल तर यापेक्षा थरारक पद्धत नव्हती. पण टीव्हीवाल्यांना आणि प्रायोजकांना एकच तारीख, एकच शहर हवं होतं. म्हणून २०१० पासून उपांत्य आणि अंतिम सामने एकाच शनिवार-रविवारी, कोलोनच्या सुमारे २०,००० प्रेक्षकांच्या लँक्सेस अरीनात भरू लागले. आपल्याकडे हँडबॉल म्हटलं की शालेय स्पर्धा आठवतात, फार तर २०२३ ची प्रीमियर हँडबॉल लीग जिंकलेला महाराष्ट्र आयर्नमेन. कोलोनला मात्र कोणते चार संघ येणार हे कळण्याआधीच लोक तिकिटं काढून ठेवतात.

यानंतरचा बदल २०१९-२० समजून घ्यायला सर्वांत महत्त्वाचा. २०१५-१६ पासून २८ संघांची उघड दोन थरांत विभागणी झाली. अ आणि ब गटांत प्रत्येकी आठ तगडे क्लब, क आणि ड गटांत प्रत्येकी सहा बाकीचे. खालच्या दोन्ही गटांतून मिळून फक्त दोन संघ बाद फेरीत जाणार, तेही आणखी एक चाळणी पार करून. वरच्या गटांतून मात्र सहा-सहा. दार सगळ्यांना उघडं होतं, पण काहींसाठी ते जेमतेम फटीएवढंच.

मार्च २०२० मध्ये स्पर्धा थांबली तेव्हा साखळी सामने उरकले होते, बाद फेरी सुरू व्हायची होती. एप्रिलमध्ये फेडरेशनने मधल्या फेऱ्या रद्द करून अ आणि ब गटांतल्या पहिल्या दोघांना थेट कोलोनला पाठवायचं ठरवलं: अ मधून बार्सिलोना आणि पॅरिस सेंट-जर्मेन, ब मधून कील आणि हंगेरीचा वेस्प्रेम. पोलंडचा किएल्त्से ब गटात तिसरा, म्हणून बाहेर. गतविजेता उत्तर मॅसेडोनियाचा व्हार्दारही बाहेर. क आणि ड गटांचा तर प्रश्नच नव्हता. कोलोनचे मेअखेरचे सामने आधी ऑगस्टवर गेले, मग डिसेंबरवर. महिलांच्या चॅम्पियन्स लीगच्या वाट्याला एवढंही आलं नाही. तिचा तो हंगाम विजेत्याविनाच बंद झाला.

दरम्यान उन्हाळा उलटला आणि करार बदलले. नॉर्वेचा सांडर सागोसेन साखळीत पॅरिसकडून खेळला होता. पॅरिसचं दुसरं स्थान काही अंशी त्याच्याच गोलांवर उभं होतं. डिसेंबरात तो कोलोनला उतरला तो कीलच्या जर्सीत. पॅरिस उपांत्य सामन्यात बार्सिलोनाकडून ३२-३७ असं हरलं, नाहीतर त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात तो पॅरिसविरुद्ध उभा राहिला असता. कीलने वेस्प्रेमला जादा वेळेत ३६-३५ असं कसंबसं हरवलं होतं. कीलचा प्रशिक्षक फिलिप यिखा याने खेळाडू म्हणून २०१० आणि २०१२ मध्ये याच क्लबसाठी कप जिंकला होता आणि नंतर तो बार्सिलोनाकडूनही खेळला होता. एवढ्या मोठ्या सभागृहात त्या दिवशी प्रेक्षक एकही नव्हता.

२८ संघांचा तो शेवटचा हंगाम ठरला. हा निर्णय मात्र कोरोनाच्या आधीच झालेला होता. प्रक्षेपण आणि विपणनाचा नवा दहा वर्षांचा करार २०२० पासून लागू होणार होता. २०२०-२१ पासून क आणि ड गट गेले, फक्त १६ संघ उरले, आणि बाकीच्यांसाठी जुन्या ईएचएफ कपाच्या जागी युरोपियन लीग आली. त्या पहिल्या आटोपशीर हंगामाचा अंतिम सामना १३ जून २०२१ रोजी कोलोनमध्येच झाला आणि बार्सिलोनाने डेन्मार्कच्या आल्बोर्गला ३६-२३ असं धुतलं. कीलचा करंडक तेव्हा जेमतेम साडेपाच महिन्यांचा होता.