कळांची फेरमांडणी : स्क्रीन रीडर आणि व्हर्च्युअल मशीन

कीबोर्डवरच्या एखाद्या कळेचे नेहमीचे काम काढून घेऊन तिला दुसऱ्या कळेचे काम देणे म्हणजे कळांची फेरमांडणी. बोलण्यात ‘रीमॅपिंग’ किंवा नुसते ‘बटण बदलणे’ असे म्हणतात. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आधाराने काम करणारी अंध व्यक्ती एकाच संगणकावर दुसरी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातल्या संगणकात, चालवू लागली, की ही फेरमांडणी हौसेची बाब राहत नाही. माउस तिच्या कामाचा नाही, सगळा कारभार कळांवर. आणि त्यातल्या एकाच कळेवर दोन प्रणाल्या, दोन स्क्रीन रीडर आणि मधले व्हर्च्युअल मशीन असे सगळे हक्क सांगतात.

प्रत्येक स्क्रीन रीडरची एक आज्ञाकळ असते. ती दाबून धरली की पुढची कळ मजकुरात उमटत नाही, तिची आज्ञा होते. विंडोजवरचा जॉज आणि २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलेला, मोफत मिळणारा एनव्हीडीए हे दोघेही इन्सर्ट वापरतात आणि लॅपटॉपसाठी कॅप्स लॉकची सोय देतात. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर याच दोन कळांवर चालतो, लिनक्सवरचा ऑर्काही. मॅकमधला व्हॉइसओव्हर २००५ मध्ये आला तो कंट्रोल आणि ऑप्शन ही जोडी घेऊन. २०१६ च्या सिएरा आवृत्तीपासून त्यालाही कॅप्स लॉक वापरता येऊ लागला. म्हणजे ज्या कळेकडे लिहिणाऱ्याचे एरवी लक्षही जात नाही, तिच्यासाठी सगळ्यांची ओढाताण.

दाबलेली कळ पाहुण्या प्रणालीपर्यंत, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या प्रणालीपर्यंत, कशी पोचते हे कळल्याशिवाय या अडचणीचा उलगडा होत नाही. कीबोर्ड आकड्याच्या रूपात इशारा पाठवतो. तो आधी यजमान, म्हणजे संगणकावरच्या मूळ, प्रणालीच्या ड्रायव्हरकडे (कीबोर्डचा इशारा प्रणालीला समजावणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जातो, तिथून यजमानाच्या स्क्रीन रीडरपुढे येतो. त्याने सोडला तर व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरकडे. ते सॉफ्टवेअर पाहुण्या प्रणालीला एक बनावट कीबोर्ड दाखवते आणि त्यातून तो इशारा पुन्हा पाठवते. मग आतला ड्रायव्हर, आतला स्क्रीन रीडर आणि शेवटी समोर उघडलेला कार्यक्रम. वाटेत कोणीही कळ गिळू शकतो. आतल्या एनव्हीडीएने उत्तर दिले नाही म्हणून तोच बिघडला असे धरून तो पुन्हा पुन्हा बसवण्यात लोकांचे दिवस जातात, आणि कळ मात्र बाहेरच अडलेली असते.

मॅकवर विंडोज चालवणाऱ्याला हे सर्वांत जास्त भोवते. ॲपलच्या कीबोर्डवर इन्सर्ट ही कळच नाही. जुन्या मोठ्या कीबोर्डांवर त्या जागी ‘हेल्प’ होती, नंतर तिथे ‘एफएन’ आली. उरला कॅप्स लॉक. पण मॅक त्याच्याकडे दाबून धरायची कळ म्हणून पाहत नाही, चालू-बंद होणारी स्थिती म्हणून पाहतो. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनला ‘कॅप्स लॉक दाबून धरला आहे’ हा निरोप बहुधा मिळतच नाही, ‘स्थिती बदलली’ एवढाच मिळतो, आणि आतल्या स्क्रीन रीडरला आज्ञा समजत नाही. २०२० च्या एम१ चिपपासून मॅकवर थेट विंडोज सुरू करण्याची बूट कॅम्पची सोयही उरली नाही. कचेरीचे एखादे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजनसारख्या व्हर्च्युअल मशीनचाच रस्ता.

फेरमांडणी दोन ठिकाणी करता येते, यजमानात किंवा पाहुण्या प्रणालीत. शक्य असेल तिथे ती पाहुण्या प्रणालीतच करावी. संगणक बहुतेक वेळा एकट्याचा नसतो. घरात भावंडे वापरतात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुढच्या तासाची मुले. यजमानातली कळ बदलली की त्या सगळ्यांची बदलते आणि मग अंध विद्यार्थ्यावर ‘मशीन बिघडवले’ असा ठपका येतो. आतला बदल त्याच्या मशीनपुरता राहतो आणि मशीनची फाइल दुसरीकडे नेली तरी सोबत जातो.

पाहुणी प्रणाली विंडोज असेल तर जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवते त्या कोठारातली, ‘स्कॅनकोड मॅप’ नावाची नोंद. विंडोज २००० पासून ती आहे. तिच्यात आठ बाइट शून्ये, मग नोंदींची संख्या, मग प्रत्येक बदलासाठी चार बाइट (आधी नवा आकडा, मागून जुना) आणि शेवटी पुन्हा चार शून्ये असतात. एकाच बदलाची नोंद २० बाइटांत मावते. दशमानात कॅप्स लॉकचा आकडा ५८, उजवीकडच्या आकड्यांच्या गटातल्या इन्सर्टचा ८२, आणि स्वतंत्र इन्सर्टचाही ८२च, पण त्याच्यापुढे २२४ हा उपसर्ग लागतो. एनव्हीडीए या दोन इन्सर्ट वेगवेगळ्या ओळखतो, म्हणून उपसर्ग विसरून चालत नाही. हाताने आकडे भरायचे नसतील तर शार्पकीज हे छोटे मोफत साधन तेच काम करते.

सोलापुरात हे समजावताना मागावरच्या जेकार्ड या नक्षीच्या यंत्राचा दाखला चटकन पटतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागात नसते, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. माळ बदलली की त्याच मागावर, त्याच धाग्यांतून वेगळी नक्षी उतरते. स्कॅनकोड मॅप ही तशीच माळ आहे. कीबोर्डला हात लागत नाही, इशारा आत शिरताना त्याचा अर्थ तेवढा बदलतो.

मॅकवर सर्वांत सोयीची निवड म्हणजे उजवी कमांड. आतल्या विंडोजला ती उजवी विंडोज कळ म्हणून दिसते. तिला इन्सर्टचे काम द्यावे, डावी कमांड विंडोज कळ म्हणून शिल्लक राहते. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅकवर डावी कमांड मशीनबाहेर येण्यासाठी राखलेली असते, म्हणूनही उजवीच बरी. विंडोज किंवा लिनक्स यजमान असेल तर व्हर्च्युअलबॉक्स उजवा कंट्रोल राखून ठेवतो, तेव्हा त्याला हात लावू नये. व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाहेर पडायला कंट्रोल-ऑल्ट वापरतो आणि एनव्हीडीए सुरू करण्याची जोडणी कंट्रोल-ऑल्ट-एन आहे. तिथे गोंधळ होऊ शकतो.

उजव्या ऑल्टचा मोह मात्र मराठीत लिहिणाऱ्याने आवरावा. पुष्कळ सल्ले इंग्रजीपुरते लिहिणाऱ्यांचे असतात आणि त्यांत ही कळ ‘रिकामी’ समजली जाते. विस्तारित इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीत, ती रिकामी नाही. जास्तीची अक्षरे आणि चिन्हे तिच्यावर आहेत. रुपयाचे चिन्ह उजवा ऑल्ट आणि ४ यांनी येते. सोलापूरसारख्या गावात ही गोष्ट मराठीपुरती राहत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी अशी सरमिसळ रोजची. इनस्क्रिप्टचा मोठा गुण असा, की या तिन्ही लिप्यांत ‘क’ त्याच कळेवर सापडतो. बोटांना एकदा आलेली जागा तिन्ही भाषांत चालते. न पाहता लिहिणाऱ्याला याचे मोल फार. उजवा ऑल्ट गमावला तर तिन्हींत एकदम खोट येते. कॅप्स लॉकचे तसे नाही. देवनागरीत, तेलुगूत, कन्नडात मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे तो देऊन टाकला तरी काही अडत नाही, आणि इंग्रजीसाठी हवाच असेल तर एनव्हीडीएमध्ये ती कळ लागोपाठ दोनदा दाबून मिळतो. आपल्याकडच्या माणसासाठी कॅप्स लॉक ही सर्वांत स्वस्त कळ आहे.

तीच हवी असेल तर मॅकवर बदल यजमानातच करावा लागतो, कारण अडथळा तिथेच आहे. कॅराबिनर-एलिमेंट्स या मोफत साधनात ‘व्हर्च्युअल मशीनची खिडकी पुढे असेल तेव्हाच कॅप्स लॉकचा इन्सर्ट कर’ असा नियम घालता येतो. सिस्टीममधली ‘हिडयुटिल’ आज्ञाही कळ बदलते, पण संगणक पुन्हा सुरू झाला की तिने केलेला बदल पुसला जातो.

एरवी किरकोळ वाटणारा हा फरक वीज वारंवार जाते तिथे महत्त्वाचा ठरतो. मशीन नव्याने सुरू झाले की पहिली भेट पासवर्डच्या पडद्याशी. पॉवरटॉइज किंवा ऑटोहॉटकीसारख्या साधनांनी केलेला बदल लॉगिन झाल्यावर लागू होतो, त्याआधी नाही. स्कॅनकोड मॅप ड्रायव्हरच्या पातळीवर असल्याने पासवर्डच्या पडद्यावरही आज्ञाकळ हाताशी असते.

दोन आवाजांची गल्लत हा याच प्रश्नाचा दुसरा अर्धा. यजमानातला आणि आतला असे दोन्ही स्क्रीन रीडर एकदम बोलू लागले तर कोणाचेच कळत नाही, आणि कळाही बाहेरचाच अडवतो. मॅकवर कमांड-एफ५ ने व्हॉइसओव्हर बंद करून आत जावे, बाहेर आल्यावर त्यानेच सुरू करावा. विंडोज यजमानावर एनव्हीडीएला त्या एका खिडकीपुरते झोपवता येते : आज्ञाकळ, शिफ्ट आणि एस, लॅपटॉप मांडणीत एसऐवजी झेड. एखादीच कळ आत पाठवायची असेल तर आधी आज्ञाकळ आणि एफ२ दाबावे. व्हॉइसओव्हरमध्ये हेच काम आज्ञाकळ आणि टॅब करतात.

नव्या आज्ञाकळेवर बोटाला जाणवेल अशी खूण लागते. एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतात तशी. खड्याची टिकली चिकटवली तरी पुरते. झिजली की दुसरी लावावी.

बदल करण्यापूर्वी बंद व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची जतन केलेली नोंद, घ्यावा. चुकीचा आकडा भरून आज्ञाकळच नाहीशी झाली तर यजमानातून, त्याच्या बोलत्या स्क्रीन रीडरच्या मदतीने, मशीन त्या स्थितीला परत नेता येते. स्नॅपशॉट नसेल तर प्रशासकाच्या अधिकाराने स्कॅनकोड मॅप ही नोंद खोडून मशीन पुन्हा सुरू करावे. सगळ्या कळा मूळ कामावर येतात.