मॅकचे इंटेलकरण

ॲपलने मॅक संगणकांतला पॉवरपीसी प्रोसेसर सोडून विंडोजच्या संगणकांत चालणारा इंटेलचा प्रोसेसर घेतला, तो हा बदल. स्टीव्ह जॉब्स यांनी ६ जून २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीर केला. १० जानेवारी २००६ ला इंटेलचा पहिला आयमॅक दाखवला गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॅक प्रो आल्यावर पॉवरपीसीचा पसारा आवरला.

कारण मुख्यतः उष्णतेचे होते. पॉवरपीसीची जी५ चिप वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ गाठेल असे २००३ मध्ये सांगितले गेले. ती तिथवर पोचलीच नाही. वेगवान टॉवरमध्ये द्रवाने थंड करायची सोय करावी लागली, तर लॅपटॉपमध्ये जी५ कधी बसलाच नाही.

अडचण नावाची होती. १९९८ च्या जाहिरातीत ॲपलने इंटेलचा पेंटियम टू गोगलगायीच्या पाठीवर बसवला होता, आणि आता इंटेलचीच चिप पोटात घ्यायची होती. म्हणून बाहेरून काही बदलले नाही: नव्या आयमॅकचे कवच जी५ चेच राहिले, इंटेलचा स्टिकर कुठेच चिकटवला नाही. नावातले ‘पॉवर’ मात्र गेले; पॉवरबुकचा मॅकबुक प्रो झाला, पॉवर मॅकचा मॅक प्रो. एप्रिल २००६ मध्ये बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने मॅकवर विंडोजही चालू लागले, तरी मॅकची ओळख पुसली नाही, कारण ती चिपपेक्षा कार्यप्रणालीत होती. २०२० मध्ये इंटेलही सोडताना ॲपलने हाच कित्ता गिरवला.

झळ बसली ती छपाईच्या कामाला. ओएस एक्स या मॅकच्या कार्यप्रणालीचे पॉवरपीसीसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम रोझेटा हा अनुवादक चालवत असे, पण त्याआधीच्या मॅक ओएस ९ चे प्रोग्रॅम इंटेल मॅकवर बंदच पडले. पाने जुळवायचे पेजमेकर आणि क्वार्क ४ त्यांतच. पुढे ओएस एक्सच्या १०.७ आवृत्तीत (२०११) रोझेटाही गेले, १०.६ ही ते असलेली शेवटची आवृत्ती.

गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत छापतात. पणजी, म्हापसा, मडगावातल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे जत्रेची पत्रके किंवा उत्सवी नाटकांची हस्तपत्रके जुन्या मॅकवर पडून असतील, तर फॉन्ट आधी वाचवावेत. जुन्या मॅकच्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा मजकूर ‘रिसोर्स फोर्क’ या वेगळ्या कप्प्यात असतो. पेनड्राइव्हवरून विंडोजच्या संगणकात नेले की फाइल ० केबी दिसते. शेजारी ‘._’ने सुरू होणारी फाइल असते, खरा फॉन्ट तिच्यातच. कचरा समजून ती उडवली की काम संपले. त्यामुळे जुन्या मॅकवरच डिस्क इमेज (सगळ्या फाइली जशाच्या तशा ठेवणारी एकच फाइल) बनवावी, किंवा टी कळ दाबून मशीन बाहेरच्या डिस्कसारखे सुरू करावे आणि फायरवायर केबलने, फायरवायर असलेल्या नंतरच्या मॅकला जोडावे. त्या मॅकचे फायरवायर ९ पिनचे असेल, तर ९-ते-६ पिनची केबल लागते.

मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात आणल्यावर रफार आणि पहिली वेलांटी तपासावी. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. परिवर्तकाने क्रम पालटला नाही तर घोळ होतो. ‘पर्वरी’ आणि ‘डिचोली’ ही गोव्यातली गावांची नावे शोधून पाहावीत: ‘पवर्री’ दिसले तर रफार चुकला, डिचोलीची वेलांटी ‘ड’च्या आधी सुटी लोंबत असली तर वेलांटी चुकली.