आयएसएसएनवाला पेपर

ग्रंथालय व माहितीशास्त्रातल्या संशोधनाचा दर्जा घसरला, अशी ओरड मराठवाड्यात प्रत्येक चर्चासत्रात होते. तिचं मूळ शोधायला फार मागे जावं लागत नाही. 1955 चा हैदराबाद ग्रंथालय कायदा झाला तेव्हा आपण त्या राज्यात होतो, पण पुढच्याच वर्षी ते राज्य मोडलं. 1958 ला औरंगाबादेत विद्यापीठ आलं, 1967 ला महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला, 1994 ला नांदेडचं विद्यापीठ निघालं. एवढ्या काळात ग्रंथपालाला ‘पेपर किती?’ असं सहसा कुणी विचारलं नाही.

विचारणं सुरू झालं 2009-10 मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमाने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं सक्तीचं केलं. 2010 ला एपीआय आला, म्हणजे बढतीसाठी गुण मोजणं. त्यात तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या लेखाला 15 गुण होते. न तपासलेल्या, पण ‘मान्यताप्राप्त व प्रतिष्ठित’ आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या लेखाला 10. प्रतिष्ठा मोजायची कशी, हे कुणाला सांगता येईना. क्रमांक मात्र मुखपृष्ठावर छापलेला दिसत होता, म्हणून लोकांनी तेवढाच धरला.

आयएसएसएन हा नियतकालिकाला दिलेला आठ अंकी ओळखक्रमांक. शेवटच्या जागी कधी अंकाऐवजी एक्स येतो, तो पडताळणीपुरता. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून मिळतो. गाडीच्या नंबरप्लेटवरून ड्रायव्हर कसा आहे हे जसं कळत नाही, तसा या क्रमांकावरून मजकुराचा दर्जा कळत नाही. हे बी.लिब.च्या वर्गात शिकवतात. मीही शिकवलंय. तरी ‘सर, पेपर आयएसएसएनवाला आहे ना?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त आमच्याच विषयातून आला, हे कबूल करायला हवं.

माझ्या कपाटात त्या काळातला एक विशेषांक आहे. वीट म्हणून वापरता येईल एवढा जाड. एकदिवसीय चर्चासत्राला नोंदणी फी भरली की जेवणाचं कुपन, प्रमाणपत्र आणि या अंकात जागा मिळे. त्यात ‘महाविद्यालयीन ग्रंथालयातील वाचकांचे समाधान : एक अभ्यास’ या साच्याचे सात लेख आहेत, प्रत्येकात फक्त तालुका वेगळा. दोघांची प्रश्नावली तर शुद्धलेखनाच्या चुकांसकट सारखी. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढू लागले तेव्हा हा साचा सगळ्यांनाच दिसला. हे लेख लिहिणाऱ्या पोरांना दोष देणं सोपं आहे. नियम त्यांनी केला नव्हता.

पुढे आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली आणि मे 2018 मध्ये त्यातली 4,305 नावं एका फटक्यात उडवली. ज्यांचे लेख त्यांत आले होते ते तोंडात बोट घालून बसले. 2019 ला तिच्या जागी केअर नावाची मान्य नियतकालिकांची नवी यादी आली. 2022 च्या नियमांनी प्रबंधाआधीच्या लेखाची सक्तीच काढली, एम.फिल.ही बंद केलं. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादी गुंडाळली गेली. आता नियतकालिक चांगलं की वाईट, हे ज्या त्या संस्थेने ठरवायचं आहे.

कॉलेजात हे ठरवायला त्यातल्या त्यात लायक माणूस म्हणजे ग्रंथपाल. माझ्या ओळखीच्या तीन कॉलेजांत ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी आहे. एका ठिकाणी चार्ज भूगोलाच्या सरांकडे आहे आणि ग्रंथालयाची किल्ली शिपाईमामांकडे.