आठ लाख वर्षांपूर्वीची हवा

फ्रिजमधला बर्फाचा खडा उजेडाकडे धरून पाहा. कडा काचेसारख्या नितळ दिसतात आणि मधोमध पांढरट धुकं. ते धुकं म्हणजे हवेचे बुडबुडे. ट्रेमधलं पाणी बाहेरून आत गोठत जातं, पाण्यात विरघळलेली हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी कोंडते. जुनं हवामान शोधणाऱ्याला ही हवा बिनकामाची, कारण पाण्यात शिरतानाच तिचं रूप पालटलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज विरघळतो, त्यामुळे मूळ हवेतलं प्रमाण तिथे राहत नाही.

अंटार्क्टिकाच्या बर्फातही बुडबुडे असतात, पण ते वेगळ्या वाटेने आत आलेले. तिथल्या पठारावर पाण्याचा संबंधच येत नाही. वरून भुरभुरतात ते हिमकण, आणि ते वितळत नाहीत. यंदाच्या कणांखाली गेल्या वर्षीचे दबतात, यंदाच्यांवर पुढचं वर्ष येऊन बसतं. पन्नास-शंभर मीटर खोलीपर्यंत कणांमधल्या फटी वरच्या आभाळाशी जोडलेल्या असतात, हवा त्यांतून खेळती राहते. त्याखाली दाब इतका वाढतो की फटी मिटतात आणि हवा अडकते. जशीच्या तशी. खोडांतली वर्तुळं, समुद्रतळावरचे सूक्ष्म शिंपले, परागकण यांवरूनही जुन्या हवामानाचा अंदाज बांधतात आणि तो चांगला बांधतात. पण ते पावलांच्या ठशांवरून चोर ओळखणं झालं. बर्फात चोरच हाती लागतो. बुडबुड्यातली हवा ही त्या काळाची हवाच असते.

क्लोद लोरियूस या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे सुचलं ते संध्याकाळी पेला हातात असताना. १९६५ साल, अंटार्क्टिकाचा अडेली किनारा. दिवसभर बर्फात भोकं पाडून दमलेल्या मंडळींनी व्हिस्कीत खोलवरून काढलेल्या बर्फाचे तुकडे टाकले. बर्फ विरघळू लागला तसे दाबाखालचे बुडबुडे फुटून वर येऊ लागले. लोरियूसच्या मनात आलं, ही तर जुनी हवा मोकळी होतेय. ती पेल्यात न सोडता मोजली तर? अशा गोष्टी पुढे सांगताना जरा रंगवल्या जातात हे धरलं, तरी ही खुद्द लोरियूस यांनीच सांगितलेली आहे आणि तिच्यातलं विज्ञान अगदी चोख आहे. कल्पना पेल्यात सुचली. हवा पिळून काढून भरवशाने मोजायची पद्धत बसायला मात्र पुढची बरीच वर्षं गेली.

हवा मिळाली, पण तेव्हा थंडी किती होती? त्याचं उत्तर बुडबुड्यात नसून बर्फातच आहे, आणि ते सापडलं बिअरच्या बाटलीमुळे. (या विषयात बाटल्या फार, त्याला माझा इलाज नाही.) जून १९५२ मध्ये कोपनहेगनला पावसाची झड लागली होती. विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञांनी घरासमोरच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्यात नरसाळं बसवलं आणि झड सरेपर्यंत पावसाचे नमुने गोळा केले. पाण्याच्या रेणूंतला ऑक्सिजन सगळा एकाच वजनाचा नसतो. साधारण पाचशेत एखादा अणू जडसर असतो. जडसर रेणू ढगातून आधी गळतात, हलके मागे उरतात, आणि हवा जितकी गार तितकी ही गळती जास्त. झड पुढे सरकत गेली तसं नमुन्यांमधलं हलक्या-जडाचं प्रमाणही बदलत गेलेलं डान्सगार्ड यांना दिसलं. ध्रुवाकडे जाणारा ढग वाटेत जड पाणी टाकत टाकत जातो, म्हणून तिथल्या बर्फात जड ऑक्सिजन कमी, आणि ज्या वर्षी थंडी जास्त त्या वर्षी आणखी कमी. म्हणजे बर्फाचा प्रत्येक थर हा स्वतःच थर्मामीटर. दोन वर्षांनी डान्सगार्ड यांनी हा विचार छापला, पण तपासायला खोलवरचा बर्फ कुठे होता?

तो मिळाला लष्कराकडून. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने ग्रीनलंडच्या बर्फाच्या पोटात बोगदे खणून कॅम्प सेंच्युरी नावाचं ठाणं वसवलं होतं. वीज छोट्या अणुभट्टीची, आणि मनात बेत क्षेपणास्त्रं लपवण्याचा. बर्फ सरकतो, बोगदे चेपतात, म्हणून तो बेत बारगळला. पण तिथेच १९६६ साली यंत्र बर्फ भेदून सुमारे १,३९० मीटरवर तळाच्या जमिनीला टेकलं. एवढ्या खोलीचा सलग गाभा, म्हणजे भोकातून वर काढलेला बर्फाचा दंडगोल, तोवर कुणी काढला नव्हता. डान्सगार्ड यांना त्यात एक लाखाच्या आसपास वर्षांचे चढउतार वाचता आले.

खालची तीनेक मीटर गोठलेली माती मात्र कुणी फारशी मनावर घेतली नाही. डबे शीतगृहात पडून राहिले, एका देशातून दुसऱ्या देशात गेले, विस्मरणात गेले आणि २०१७ मध्ये कोपनहेगनला आवराआवरीत पुन्हा हाती आले. ती माती धुतली तेव्हा तिच्यातून काड्या आणि पानांचे तुकडे निघाले. जिथे आज किलोमीटरभराहून जाड बर्फ आहे तिथे एकेकाळी झुडपं उगवली होती. २०२३ मध्ये त्या मातीचं वय निघालं, सुमारे चार लाख वर्षं. त्या वेळची हवा आजच्याहून फार उबदार होती असंही नाही. मला या सगळ्या कहाणीत सर्वात अस्वस्थ करतो तो हा विसरलेला डबा.

कार्बन डायऑक्साइड मोजायला मात्र ग्रीनलंड चालत नाही. तिथल्या बर्फात धूळ जास्त. तिच्यातल्या चुन्याची आणि आम्लांची क्रिया होऊन बर्फातच थोडा वायू तयार होतो आणि हिशेब बिघडतो. स्वच्छ हवा हवी तर अंटार्क्टिकाचं पठार गाठावं लागतं. १९८० च्या दशकात व्होस्तोक या सोव्हिएत ठाण्यावर, जिथे २१ जुलै १९८३ ला पारा उणे ८९.२ अंशांवर गेला होता, भोक सोव्हिएत तंत्रज्ञ पाडत होते, गाभे फ्रान्समध्ये तपासले जात होते आणि ते वाहून न्यायला विमान अमेरिकेचं होतं. १९८७ मध्ये निकाल छापून आले. गेल्या १ लाख ६० हजार वर्षांत तापमान आणि कार्बन डायऑक्साइड यांचे आलेख हातात हात घालून वरखाली होत होते. पुढे युरोपीय देशांच्या एपिका प्रकल्पाने डोम सी या जागी ही नोंद आठ लाख वर्षांपर्यंत मागे नेली.

इथे एक वाद येतो, आणि तो मला टाळायचा नाही, कारण त्याची व्हॉट्सॲप आवृत्ती आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल: ‘बर्फच सांगतो की आधी तापमान वाढलं, कार्बन डायऑक्साइड नंतर, मग गॅसला दोष कसला?’

यातली पहिली गंमत वयाची आहे. वर सांगितलं तसं फटी मिटेपर्यंत हवा खेळती असते. म्हणजे सत्तर-ऐंशी मीटर खोलीवरचा बर्फ जुना, पण त्याच्या पोटातली हवा त्याहून तरुण. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या लॉ डोमवर भरपूर हिम पडतं, तिथे हा फरक तीसेक वर्षांचाच. त्यामुळे तिथल्या बुडबुड्यांतले आकडे १९५८ नंतर थेट हवेत मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहता आले, आणि ते जुळले. आतल्या पठारावर मात्र हिम इतकं कमी पडतं की हवा आणि बर्फ यांच्या वयात हजारो वर्षांचं अंतर असतं. तापमान वाचायचं बर्फातून, वायू मोजायचा हवेतून, आणि दोघांच्या जन्मतारखा वेगळ्या. त्या जुळवताना चूक झाली तर कोण आधी नि कोण नंतर हेच उलटंपालटं होतं. एका अभ्यासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ८०० वर्षं मागे असल्याचं निघालं आणि तोच आकडा जगभर फिरला. नंतर हवेतल्या नायट्रोजनवरून ही गाठ नीट सोडवण्यात आली. जड नायट्रोजन भुसभुशीत थराच्या तळाशी साचतो, थर जितका जाड तितका जास्त, म्हणून फटी नेमक्या किती खोलीवर मिटल्या हे त्याच्याकडून कळतं. २०१३ मध्ये या पद्धतीने शेवटचं हिमयुग सरतानाचा काळ पुन्हा मोजला, तेव्हा अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ बरोबरीनेच वाढल्याचं दिसलं.

आणि समजा, काही वेळा वायू थोडा मागून आला, तरी काय बिघडलं? हिमयुगांची सुरुवात-अखेर ठरते ती पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या संथ हेलकाव्यांनी. त्याने थोडी ऊब येते, समुद्र आपल्यातला वायू सोडतो, वायूने ऊब वाढते, तो आणखी सुटतो. ठिणगी एकाची, तेल दुसऱ्याचं. आज ठिणगीची वाट न पाहता आपण थेट तेलच ओततो आहोत. त्या आठ लाख वर्षांत हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण १७० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिला. कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता. आता ४२० च्या पुढे गेला आहे. हिमयुग संपताना जेवढी वाढ व्हायला हजारो वर्षं लागली, तेवढी १९५८ पासून आजवर होऊन गेली.

आठ लाखांवर थांबायचं कारण एवढंच, की त्याहून जुना बर्फ हाती नव्हता. सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी एक विचित्र बदल झाला होता. त्याआधी हिमयुगं ४१ हजार वर्षांच्या तालावर येत-जात. नंतर तो ताल लांबून लाखभर वर्षांचा झाला. का, हे कुणालाच ठाम सांगता येत नाही. तेव्हाची हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइडचा त्यात हात होता का हे तपासता येईल. म्हणून डोम सीपासून तीसेक किलोमीटरवर, लिटल डोम सी इथे, नवं भोक सुरू झालं.

हे काम कसं चालतं? एक पोकळ नळी, टोकाला दाते, वर लांबच लांब केबल. नळी खाली सोडायची, काही मीटर कापायचं, वर ओढायची, आतला दहा सेंटिमीटर जाडीचा दंडगोल हलक्या हाताने सरकवून काढायचा, पुसायचा, मोजायचा, कापायचा. पुन्हा खाली. दोन किलोमीटर ओलांडले की एकेका फेरीला तासाहून जास्त लागतो. भोक दाबाने मिटू नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरून ठेवतात. मधल्या खोलीचा बर्फ सर्वात नाठाळ: वर आला की आतली दाबलेली हवा त्याला तडकवते, म्हणून त्याला महिनोन्‌महिने नुसतं पडून राहू देतात. त्याहून खाली बुडबुडे दिसतच नाहीत. दाबाने हवेचे रेणू बर्फाच्या स्फटिकांतच जाऊन बसलेले असतात.

जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटरवर तळ लागला. हातात आला बारा लाख वर्षांहून जुना बर्फ. गोव्याच्या बेबिंका या गोड पदार्थाचे थर सारख्या जाडीचे असतात, तसं इथे नाही. वरच्या ओझ्याने खालचे थर इतके चेपतात की तळाजवळ एका मीटरात तेरा हजारांपर्यंत वर्षं मावतात.

गोव्याचं नाव उगाच निघालं नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती, आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे. बाहेर मे महिन्यात घामाने शर्ट पाठीला चिकटत असतो आणि आत उणे २० अंशांच्या खोलीत जाडजूड कोट घातलेली माणसं बर्फाचे गाभे कापत असतात. आपले गाभे फार खोलचे नाहीत, अंटार्क्टिकाच्या किनारी भागातले आहेत. तिथे हिम जास्त पडतं, त्यामुळे काळ शेकड्यांत मोजावा लागतो, पण वर्षावर्षाचा तपशील सुटा दिसतो. एखाद्या मोठ्या ज्वालामुखीची राख-आम्लं, अणुचाचण्यांचा किरणोत्सारी धुरळा कुठल्या थरात पडला हे दाखवता येतं. हिम साचून गाडलं जाणं म्हणजे काय हे तर भारताने स्वतः अनुभवलं आहे. आपलं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर बांधलं होतं. काही वर्षांतच ते बर्फाखाली गेलं आणि सोडून द्यावं लागलं. त्यानंतरचं मैत्री खडकावर बांधलं.

लिटल डोम सीचा गाभा जहाजाने, उणे ५० अंशांत जपत, युरोपला आला. त्याच्या तळाकडचे काही तुकडे केंब्रिजला ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांची काडी तापलेल्या धातूच्या पट्टीवर उभी करतात आणि ती खालून, अगदी सावकाश, वितळू देतात. पाणी एका नळीतून मोजायच्या यंत्रांकडे जातं. बारा लाख वर्षं न वितळलेला बर्फ वाचायचा तर शेवटी तो वितळवावाच लागतो, म्हणून कुणी घाई करत नाही.