पोटाच्या टोकाशी दडलेली जात

‘वाळवंटात पतंगाची नवी जात सापडली’ अशी बातमी वाचली की वाटतं, कुणी रात्री टॉर्च घेऊन गेलं, कधी न पाहिलेला पतंग दिसला आणि झालं. पण पतंगांना ओढण्यासाठी लावलेल्या दिव्यामागच्या पांढऱ्या पडद्यावर तो येऊन बसतो, तेव्हा तो नवा आहे हे बहुधा कुणालाच ठाऊक नसतं.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स नावाचं वाळवंट आहे. जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या, सुमारे ७०० चौरस किलोमीटर. एरिक मेट्झलर आणि ग्रेगरी फोर्ब्स यांनी २००९ मध्ये तिथल्या एका पतंगाचं नाव ठेवलं ‘प्रोटोगायजिया व्हाइटसँड्सेन्सिस’. पांढऱ्या वाळूवर फिकट पतंग सहज लपतो, हे पटकन कळतं. पण नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. खवले झडतात, विटतात. शिवाय दोन वेगळ्या जातींचे पंख हुबेहूब सारखे असू शकतात.

मग बघायचं कुठे? पोटाच्या टोकाशी, जननांगांत. वाळलेल्या पतंगाचं पोट अलगद तोडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करतात. स्नायू आणि चरबी विरघळते, कायटिनचं कवच मात्र अल्कलीला दाद देत नाही. मऊ कुंचल्याने खवले काढले की सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या दोन पाकळ्या दिसतात. मिलनात मादीला धरून ठेवणाऱ्या. त्यांच्यामध्ये एक नळी, आणि नळीत मोज्यासारखी उलटी दुमडलेली पातळ पिशवी. बारीक सुईने आत अल्कोहोल सोडलं की ती फुगून बाहेर येते, वळणं आणि काट्यांसकट. मिलनाच्या वेळी ती मादीच्या शरीरात अशीच उलगडते. पंख सारखे असलेल्या दोन जाती इथे वेगळ्या निघतात!

हे अवयव इतके वेगळे का? प्रत्येक जातीत मादीचं कुलूप वेगळं, नराची किल्ली वेगळी, असं फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेऑं द्युफूर यांनी १८४४ मध्ये सुचवलं होतं. आज अनेक जीवशास्त्रज्ञांना लैंगिक निवडीचं स्पष्टीकरण जास्त पटतं, आणि मलाही. मादीकडून होणारी निवड आणि नरांमधली चुरस यांमुळे हे अवयव पंखांपेक्षा झपाट्याने बदलू शकतात.

‘डीएनए तपासला की जात कळते’ हा मात्र निव्वळ गाजावाजा. नेहमीच्या बारकोड चाचणीत एकाच जनुकाची साधारण ६५८ अक्षरं वाचतात. त्यातून संशय पक्का होतो, जातीचं वर्णन होत नाही. त्यासाठी एक नमुना निवडून होलोटाइप, म्हणजे त्या जातीचा अधिकृत नमुना, म्हणून जाहीर करावा लागतो. तो संग्रहालयात टाचणीवर राहतो, पोटाविना. पोट शेजारच्या काचपट्टीवर, आणि दोन्हींच्या चिठ्ठ्यांवर एकच क्रमांक.