ॲडजस्टेबल सस्पेन्शन : मराठवाड्यातील रस्त्यांसाठी निवड

ॲडजस्टेबल सस्पेन्शन म्हणजे गाडीचे मूळ स्प्रिंग-शॉकअप काढून त्यांच्या जागी बाहेरून आणून बसवलेला संच. त्यात गाडीची उंची, शॉकअपचा जोर किंवा दोन्ही मालकाला कमीजास्त करता येतात. गॅरेजमध्ये अशा सगळ्याच संचांना ‘कॉइलओव्हर’ म्हणतात. खरे तर कॉइलओव्हर म्हणजे ज्याच्या अंगावर स्प्रिंग चढवलेली आहे असा शॉकअप, आणि तसा तो बहुतेक साध्या हॅचबॅकलाही पुढे असतोच. फरक इतकाच, की बाहेरच्या संचाच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंग ज्या बशीवर टेकते ती बशी या आट्यांवर वर-खाली फिरवता येते.

हे संच घडले शर्यतीच्या ट्रॅकसाठी आणि युरोप-जपानमधल्या सपाट रस्त्यांसाठी. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांत रोज पळणाऱ्या गाडीला तसा संच घ्यायचा तर निवडीचा क्रम उलटा धरावा लागतो. आधी शॉकअपची चाल पाहायची, मग स्प्रिंग, मग शॉकअपचा दर्जा, आणि उंची सगळ्यात शेवटी. बहुतेक खरेदी मात्र उंचीपासूनच सुरू होते, कारण फोटोत तेवढीच दिसते.

रस्ता कसा आहे

मराठवाड्याच्या मोठ्या भागात रस्त्याखाली काळी कापसाची जमीन आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. वरचा डांबराचा थर चांगला असला तरी दोन-चार पावसाळ्यांनंतर रस्त्याला लांब लाटा येतात आणि कडा खचतात. त्यात गळीत हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या धावतात. त्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या उन्हाने मऊ झालेल्या डांबरात उमटतात आणि डांबर गार झाले की तशाच घट्ट होतात.

दुसऱ्या टोकाला समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरचा हा सिमेंटचा रस्ता जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे ठेवावे लागतात, साधारण साडेचार मीटरवर एक. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सात-साडेसात सांधे चाकाखालून जातात. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभी थरथर सर्वांत जास्त जाणवते ती ४ ते ८ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा) या पट्ट्यात, आणि सांध्यांचा ठेका नेमका त्यातच पडतो. मऊ सस्पेन्शन तो बराचसा गिळून टाकते, कडक सस्पेन्शन थेट पोटापर्यंत पोचवते. एवढ्या गुळगुळीत रस्त्यावर कडक सस्पेन्शन चालून जाईल असे वाटते खरे, पण जालना ते शिर्डी जाऊन आलेल्याची पाठ निराळे सांगते.

मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सें.मी. उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. अडीच मीटरच्या आतबाहेर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) असलेली हॅचबॅक त्यावर चारही चाकांनी चढते, त्यामुळे तिच्या पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सें.मी.ने घटते. गावाच्या वेशीवर रातोरात मुरूम आणि डांबर टाकून केलेला उंचवटा हातभर रुंद असतो. तो १५ सें.मी. उंच असेल तर पुढचे चाक उतरून मागचे चढायच्या आत पोटाखालचे पुरते १५ सें.मी. खातो. भारतात विकल्या जाणाऱ्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स १६० ते १७० मि.मी.च्या घरात असतो, तोही रिकाम्या गाडीचा. इथे ‘चेंबर लागला’, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी घासली, हा शब्दप्रयोग रूढ झाला तो उगीच नाही.

चाल आणि स्प्रिंग

गाडी उभी असताना शॉकअप जिथे थांबलेला असतो तिथून वर दबायला जेवढी जागा असते ती वरची चाल, आणि चाक खाली लोंबायला जेवढी असते ती खालची. वरची संपली की शॉकअप रबराच्या बंपस्टॉपवर आदळतो. त्या क्षणापुरती गाडीला स्प्रिंग उरतच नाही, आणि धक्का शॉकअपच्या माथ्यावरच्या माउंटिंगला बसतो.

स्वस्त संचात उंची कमी करायचा एकच मार्ग असतो, बशी खाली घेणे. त्यात वरची चाल थेट कापली जाते. मुळात ती ७० मि.मी. असेल आणि गाडी ४० मि.मी. खाली आणली तर उरतात ३०. चांगल्या संचात खालचे ब्रॅकेटही आट्यांवर फिरते. शॉकअपची एकूण लांबी बदलून उंची घेता येते आणि शॉकअपच्या आतली चाल आहे तशी राहते. दुकानात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे. मात्र टायर मडगार्डच्या आत किती वर जाऊ शकते ही मर्यादा कुठल्याच संचाने सुटत नाही.

बशी घट्ट करत नेली की स्प्रिंग कडक होते, हा समज दूर करायला हवा. सरळ कॉइलची स्प्रिंग दर मिलिमीटरला तेवढाच जोर मागते. गाडीच्या वजनाने ती आधीच दबलेली असते, त्यामुळे बशी वर घेतल्यावर फक्त गाडी उचलली जाते. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

खालच्या चालीकडे जवळजवळ कुणी पाहत नाही, आणि खड्ड्यांच्या मुलुखात तीच जास्त उपयोगी पडते. एका पुढच्या चाकावर गाडीचे २८० किलो वजन आहे असे धरू. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा दर २० न्यूटन प्रति मि.मी. असेल, म्हणजे एक मि.मी. दबायला ती सुमारे दोन किलोचा जोर मागत असेल, तर स्प्रिंग या वजनाने सुमारे १३७ मि.मी. दबते आणि गाडीची स्वतःची डोलण्याची गती १.३५ हर्ट्झच्या आसपास येते. हा कौटुंबिक गाडीचा ठेका. आता तिथे ‘६ किलोची’, म्हणजे दर मि.मी.ला ६ किलोग्रॅम जोर मागणारी स्प्रिंग घातली, तर चाकापाशी दर, बसवणीच्या तरफेमुळे थोडा घटून, सुमारे ५३ न्यूटन होतो आणि गती २.२ हर्ट्झच्या जवळ जाते. स्प्रिंग आता फक्त ५२ मि.मी. दबलेली असते. म्हणजे खड्ड्यावर चाक पाच सें.मी. खाली गेले की स्प्रिंगचा रेटा संपला. तिथून पुढे चाक जमीन शोधत राहते आणि गाडी त्याच्यावर कोसळते. अशा वेळी मुख्य स्प्रिंग जागेवरून सुटू नये म्हणून वर एक पातळ हेल्पर स्प्रिंग देतात. तिचा आधार तेवढाच, भार ती पेलत नाही.

मागच्या बाजूचा हिशोब वेगळा. पाच माणसे आणि डिकीत सामान घेऊन तुळजापूरला निघाले की मागच्या प्रत्येक चाकावर १०० किलो सहज वाढतात. २० न्यूटनच्या दराला गाडी मागून ४९ मि.मी. बसते. आधीच ३० मि.मी. खाली आणलेली असेल तर १६५ मि.मी. ग्राउंड क्लिअरन्समधले ८५-९० उरतात. त्यामुळे मागे थोडी कडक स्प्रिंग इथे खरेच कामाची आहे. मागचा ठेका पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवावा, म्हणजे उंचवट्यावरून गेल्यावर गाडी पुढे-मागे झोके घेत नाही, हे मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना प्रयोगांनी दाखवले होते.

शॉकअप

स्प्रिंग गाडी पेलते, शॉकअप तिचे हेलकावे थांबवतो. आतला पिस्टन तेलातून सरकतो आणि तेल बारीक वाटांतून जाताना विरोध करते. साध्या जुळवणीत एक सुई त्यांपैकी एक वाट कमीजास्त उघडते, आणि बाहेरचा ‘टकटक’ फिरणारा खटका तिचाच. अशा एकेरी जुळवणीचा परिणाम मुख्यतः उसळीवर होतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उलगडते त्यावर. महागड्या संचांत दबण्याचा विरोध आणि उसळीचा विरोध स्वतंत्र असतो. त्याहून वरच्यांत दबण्याचेही मंद आणि जलद असे दोन भाग पडतात. हा वेग पिस्टनचा असतो, गाडीचा नव्हे. ताशी २० ने चालवतानाही खड्ड्याची कड पिस्टनला जलदच हलवते.

काळ्या जमिनीवरच्या लांब लाटांवर उसळीचा विरोध कमी पडला तर गाडी होडीसारखी डोलते. म्हणून खटके वाढवत नेले, तर खडबडीत पट्ट्यावर चाकाला पुढच्या खाचेआधी परत खाली यायला वेळ मिळत नाही. गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर चालू लागते. वरून हे ‘फार कडक स्प्रिंग’सारखेच भासते, आणि मालक भलत्याच भागाला दोष देतो.

नळीच्या दोन जाती आहेत. दुहेरी नळीचा शॉकअप स्वस्त आणि मऊ, बाहेरच्या नळीला पोचा आला तरी बहुधा चालत राहणारा. एकेरी नळीत तेलाच्या मागे जास्त दाबाचा नायट्रोजन असतो, उष्णता लवकर बाहेर जाते आणि तेलाला फेस येत नाही. बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी या जातीचे उत्पादन सुरू केले. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना खराब रस्त्यावर तासभर पळवली तर एकेरी नळी तग धरते, पण तिची नळी दगडाने चेपली की पिस्टन अडकतो. खडीच्या कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला दुहेरी नळीच बरी.

वाळूज पट्ट्यात मुख्यालय असलेली एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींचे शॉकअप बनवते, पण मोटारींचे ॲडजस्टेबल संच मात्र जर्मनी, जपान, तैवान, नेदरलँड्स, स्वीडन अशा ठिकाणांहून येतात. त्यामुळे सील आणि तेल बदलून देणारा कारागीर देशात आहे का, हे खटक्यांच्या संख्येआधी विचारावे. बत्तीस खटक्यांपैकी रस्त्यावर कामाचे चार-पाचच निघतात.

काय घ्यावे

ज्याला गाडी थोडी आवरलेली हवी आहे, त्याला मूळ स्प्रिंग आणि उसळी बदलता येणारा चांगला शॉकअप एवढे पुरते. कोनी या कंपनीचे पिवळे शॉकअप याच प्रकारचे. घाट आवडणाऱ्याने, समजा कन्नडचा औट्रम घाट, मूळपेक्षा वीस-तीस टक्के कडक स्प्रिंगचा जुळवलेला संच घ्यावा आणि उंची मूळच ठेवावी किंवा फार तर १५ मि.मी. उतरवावी. पूर्ण कॉइलओव्हरचा खर्च वसूल होतो तो अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्याचा, किंवा भार सतत बदलणाऱ्याचा.

गाडी खाली आणली की वळणावर कमीच झुकेल, हेही नेहमी खरे नसते. पुढच्या मॅकफर्सन रचनेत (वरून शॉकअप आणि खालून एक दांडा चाकाला धरतो ती) हा खालचा दांडा, म्हणजे लोअर आर्म, आडव्या रेषेच्या पलीकडे गेला, की गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्य जितका उतरतो त्याहून जास्त खाली घसरतो. झुकवणारा तरफेचा हात त्यामुळे लांबतो.

अनेक हॅचबॅकला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा पिळ खाणारा आडवा दांडा, असतो आणि स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळ्या जागी असतात. तिथे शॉकअपवरच स्प्रिंग चढवणारा संच टाळावा. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा पत्रा गाडीचे वजन पेलायला केलेलाच नसतो. स्प्रिंग कापून गाडी बसवण्याचा धंदा अजून चालतो, आणि तो सगळ्यात वाईट. कापलेले टोक बशीत नीट बसत नाही आणि चाक लोंबले की स्प्रिंग निसटते. उलट बाजूने, कॉइलच्या मध्ये रबराचे बफर कोंबले की गाडी उचलल्यासारखी दिसते, पण ताण उरलेल्या कॉइलवर जातो.

बसवणे आणि जुळवणे

लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना कायमचे कसू नयेत. आतले रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि काही महिन्यांत फाटतात. चाके जमिनीवर, भार गाडीवर, मग कसणे. ही एक गोष्ट न पाळल्यामुळे चांगल्या संचालाही ‘कटकट आवाज येतो’ अशी बदनामी मिळते.

उंची हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, तीही गाडी थोडी पुढे-मागे ढकलून बसू दिल्यावर. अलाइनमेंट काहीशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसल्यानंतर करावी, कारण उंची बदलली की कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाच्या पुढच्या टोकाचा आत-बाहेर वळ) दोन्ही हलतात. हेडलाइटचा झोतही तेव्हाच पाहावा.

शॉकअपचा खटका आधी पूर्ण बंद करावा आणि तिथून मागे मोजावे. ओळखीचा एकच पट्टा ठरवावा. एका वेळी पुढचे किंवा मागचे, दोन खटके, आणि वहीत नोंद. सुरुवात एकट्याने करावी आणि शेवट घरची सगळी मंडळी बसवून, कारण गाडी बहुतेक वेळा तशीच चालणार असते.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला बदल आधी कळवलेला नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

निगा

आट्यांचा शत्रू काळा चिखल. ओला असताना तो लोण्यासारखा चोपडला जातो, सुकला की वीट होते, आणि दिवाळीनंतर बशी फिरवायला गेले तर पाना घसरतो. केडब्ल्यू या कंपनीच्या काही संचांची नळी स्टेनलेस स्टीलची असते, ती गंजत नाही, पण चिखल तिच्यावरही तसाच बसतो. पावसाळ्यापूर्वी आटे ब्रशने साफ करून त्यांना जॅम न होऊ देणारे ग्रीस लावावे आणि उघडा भाग कापडी बाहीने झाकावा. दांड्यावरचे रबरी बूट फाटले की लगेच बदलावे, कारण धुळीचा कण सीलपर्यंत गेला की तेल गळायला वेळ लागत नाही. काढलेले मूळ स्प्रिंग-शॉकअप भंगारात देऊ नयेत. सील दुरुस्तीला बाहेर पाठवले, की तेवढे दिवस गाडी त्यांच्यावरच उभी राहते.